सेमी-प्रो की प्रो? झाडकामासाठी चेनसॉ घ्यायचाय (नागपूर)

काटोल_रोडवाला (१२ जानेवारी, रात्री ९.४०)

मंडळी, नमस्कार. दीड वर्ष झालं, झाडकामाचा धंदा सुरू केलाय. मी आणि दोन पोरं. शहरात सोसायट्यांची छाटणी, पावसाळ्याआधीच्या वादळात पडलेली झाडं, आणि दिवाळीनंतर काटोल-नरखेडकडे म्हाताऱ्या संत्रा बागा काढायचं काम. आजवर सगळं ३२ सीसीच्या एका घरगुती मशीनवर निभावलं. चौदा इंची पट्टी (जिच्यावरून चेन फिरते ती), पाव लिटरची टाकी.

१९ डिसेंबरला सकाळी सातला एका बागेत ती बसली. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. तिसऱ्या झाडाला आवाज एकदम बारीक, किंचाळल्यासारखा झाला. मी म्हटलं, वा, आज मशीन जोरात आहे. मिनिटभरात बंद. दोरी ओढली तर येईचना.

आता नवीन घ्यायची आहे. एका दुकानात ४५ सीसीची सेमी-प्रो दाखवली, दुसऱ्यात ५० सीसीची प्रो. सीसीत फरक नाममात्र, किंमत मात्र दीडपट. फरक काय म्हणून विचारलं, तर पहिला म्हणाला, "ही हेवी ड्युटी आहे." दुसरा म्हणाला, "ही जास्त हेवी ड्युटी आहे." एवढ्यावर पैसे टाकायला जीव होत नाही. जाणकारांनी सांगा. एकच घेण्याइतकी ऐपत आहे, दोन नाही.

संत्रावाला_नरखेड (१२ जानेवारी, रात्री १०.१५)

भाऊ, बागेसाठी विचारत असाल तर सेमी पुरे. संत्र्याचं खोड जाड असून असून किती, आठ-दहा इंच. माझ्याकडची ४५ सीसीची सहा वर्षं झाली चालतेय. मृगाआधी सल (वाळलेल्या फांद्या) काढणं, विहिरीवरची बाभूळ, बांधावरचा निंब, सगळं तिच्यावरच. एकदा स्पार्क प्लग आणि दोनदा दोरी, बाकी खर्च नाही. उरलेल्या पैशात दोन जादा चेन आणि प्लास्टिकच्या पाचरी घ्या.

आणि एक, बाग काढताना खोड जमिनीलगत कापू नका. कमरेएवढं ठेवा, म्हणजे जेसीबीला मूळ उपटायला धरायला राहतं. जमिनीलगत कापलं की माती लागते, चेन जाते, आणि जेसीबीवाला शिव्या देतो तो वेगळाच.

लकडगंज_मिस्त्री (१२ जानेवारी, रात्री ११.०२)

नवीन घ्यायच्या आधी जुनी काहून मेली ते तर पाय. नाही तर नवीनही तशीच मारशील.

सायलेन्सर खोल, दोन-तीन स्क्रू असतात. आत टॉर्च मार, पिस्टन दिसते. त्याच्यावर उभ्या रेघोट्या कुठे आहेत ते सांग. सायलेन्सरच्या बाजूने आहेत का कार्बोरेटरच्या बाजूने?

सदर_बाजार (१३ जानेवारी, सकाळी ८.२०)

एवढा विचार कशाला? ऑनलाइन ६२ सीसीची, बावीस इंची पट्टीवाली मिळते, प्रोच्या चौथाई भावात. वर दोन चेन फुकट. बिघडली तर फेकून दुसरी घ्यायची. चार वेळा फेकली तरी हिशेब बरोबरीत.

काटोल_रोडवाला (१३ जानेवारी, दुपारी १.३०)

@लकडगंज_मिस्त्री, खोललं. रेघोट्या सायलेन्सरच्या बाजूलाच आहेत, नखाला लागतात इतक्या खोल. कार्बोरेटरची बाजू स्वच्छ, मशीनिंगच्या मूळ रेषा दिसतात. फिल्टरही बऱ्यापैकी साफ होता.

@सदर_बाजार, विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू.

लकडगंज_मिस्त्री (१३ जानेवारी, रात्री १०.४०)

मग धूळ नाही गेली आत. कार्बोरेटरच्या बाजूने घासलं असतं तर धूळ म्हटलं असतं. सायलेन्सरची बाजू म्हणजे गरमी. एक तर ऑइल कमी, नाही तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तो जो बारीक आवाज तुला "जोरात" वाटला ना, तोच तिचा शेवटचा आवाज होता. भरपूर पेट्रोल मिळत असलं की टू-स्ट्रोक फुल रेसवर थोडी गुरगुरते, लाकडात घातली की आवाज साफ होते. रिकाम्या रेसवरच शिट्टी मारायला लागली की हात काढायचा.

शेवटचं ट्यूनिंग कधी केलं होतं?

@सदर_बाजार: त्या मशिनी माझ्याकडे पोत्याने येतात. एकीच्या स्टिकरवर ५८ सीसी होते. सिलेंडर व्हर्नियरने मोजला, व्यास ४५.२ मिमी, स्ट्रोक ३४. कर गुणाकार. साडेचोपन्न भरते. बाकीचे साडेतीन सीसी स्टिकरमध्ये आहेत. बरं ते जाऊ दे. चेन ब्रेक लावून रेस दिली तर चेन फिरून राहिली होती. ती वापरणारा पोरगा मागच्या वर्षी हनुवटीवर सात टाके घेऊन आला. हनुवटी फेकून दुसरी नाही घेता येत.

काटोल_रोडवाला (१३ जानेवारी, रात्री ११.१०)

ट्यूनिंग मेमध्ये. पहिल्या वादळाच्या आधी, रस्त्यावरच, एका ओळखीच्याने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून दिला होता. मग तोच म्हणाला होता की नागपूरच्या उन्हात मशीन तापते, लीन होते (पेट्रोल कमी, हवा जास्त), म्हणून मेमध्ये जपा. पण मेमध्ये काही झालं नाही, डिसेंबरात बसली. हे कसं?

हिंगणा_मेकॅनिकल (१४ जानेवारी, सकाळी ७.०५)

तुमच्या ओळखीच्याने उलटं सांगितलं. उन्हाळ्यात हवा पातळ असते, त्यामुळे त्याच स्क्रूवर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मे महिन्यात ४५ अंशाला ट्यून केलं म्हणजे निरपेक्ष तापमान ३१८. डिसेंबरच्या सकाळी १० अंश म्हणजे २८३. भागाकार केला तर थंड हवा साधारण १२ टक्के जास्त दाट. स्क्रू तिथेच, पेट्रोल जवळपास तेवढंच, हवा मात्र वाढली. त्यात पंपावरचं पेट्रोल आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणजे मिश्रण आणखी कोरडं. मशीनची पुस्तिका काढून इथेनॉल किती टक्क्यांपर्यंत चालतं ते बघा. चेनसॉच्या बऱ्याच पुस्तिकांत १० लिहिलेलं असतं.

मेमध्ये तुमची मशीन तापत होती, पण मिश्रण ओलं असल्यामुळे वाचली.

लकडगंज_मिस्त्री (१४ जानेवारी, सकाळी ९.३०)

बरोबर बोलले साहेब. माझ्याकडे सीज झालेल्या, म्हणजे पिस्टन अडकलेल्या, मशिनींची गर्दी दिवाळीनंतरच होते. लोकं म्हणतात उन्हाने मेली. उन्हात फक्त चालवणारा मरते.

पण भाऊ, एकट्या ट्यूनिंगने एवढ्या खोल रेघोट्या नाही पडत. ऑइल किती टाकून राहिला?

काटोल_रोडवाला (१४ जानेवारी, दुपारी २.००)

लिटरला वीस मिली. ५०:१. चांगलं ऑइल, डब्यावर लिहिल्याप्रमाणे. पोराला सांगून ठेवलंय, तोच भरतो.

ऑर्थो_धंतोली (१४ जानेवारी, रात्री ९.५०)

विषय मशीनच्या तब्येतीचा चाललाय, जरा माणसाच्या तब्येतीचं सांगतो. चेनसॉचा कंप ही साधी गोष्ट नाही. कंपन्या तो आकडा पुस्तिकेत देतात, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. स्टिल कंपनीची एमएस २५० घेतली तर उजव्या हाताला ६.८ आहे. त्याच कंपनीची प्रो, एमएस २६१, तिचा ३.५. युरोपात आठ तासांच्या दिवसाला २.५ च्या वर गेलं की मालकाला उपाय करावे लागतात. गणित वर्गाचं आहे, म्हणजे कंप दुप्पट झाला तर वेळ निम्मा नाही, पाव होतो. ३.५ वर ती मर्यादा साधारण चार तासांनी येते. ६.८ वर तासा-सव्वा तासात.

रात्री बोटांना मुंग्या, सकाळी थंडीत बोटांची टोकं पांढरी पडणं, शर्टाचं बटण लावता न येणं, ही लक्षणं. तुम्ही लिहिलंय "थंडी अशी की बोटं वळत नव्हती". ती नुसती थंडी होती ना? घरी बसल्यावरही कधी पांढरी पडतात का, ते पाहा.

काटोल_रोडवाला (१४ जानेवारी, रात्री १०.२०)

डॉक्टरसाहेब, माझी नाही. पण मोठा पोरगा, जो जास्त कापतो, तो दोनदा म्हणाला होता की सकाळी चहाचा कप धरला की करंगळीला कळत नाही. मी हसण्यावारी नेलं होतं. उद्याच घेऊन जातो त्याला.

निवृत्त_वनपाल (१५ जानेवारी, सकाळी ६.३०)

आमची नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीत गेली. आलापल्लीच्या सागवानात कुऱ्हाड आणि आडवी आरी जाऊन मशीन आली, ते डोळ्यांनी पाहिलं. म्हणून दोन शब्द.

"हेवी ड्युटी" हा शब्द विसरा. स्टिलच्याच दोन मशिनी शेजारी ठेवा. सेमीतली एमएस २७१ आणि प्रोतली एमएस २६१. दोन्ही ५०.२ सीसी. पहिली २.६ किलोवॅट, वजन ५.६ किलो. दुसरी ३.० किलोवॅट, ४.९ किलो. तेवढ्याच सीसीत ताकद जास्त आणि वजन पाऊण किलोने कमी, पट्टी-चेन सोडून. तुम्ही दीडपट पैसे देता ते यासाठी. सकाळी नऊला पाऊण किलो काहीच नसतं. दुपारी एकला, आडव्या पडलेल्या खोडावर वाकून फांदी-फांदी सोलताना, ते पाऊण किलो मणाचं होतं. आणि थकलेल्या हातातूनच मशीन उसळते.

बाकी आतल्या रचनेचं मिस्त्री सांगतील.

लकडगंज_मिस्त्री (१५ जानेवारी, रात्री ११.१५)

सांगतो.

सेमीत काय असते, प्लास्टिकचा सांगाडा. त्याच्यात इंजिन बसवलेले. इंजिनचा खालचा भाग डब्याच्या झाकणासारखा, सिलेंडर आणि झाकण यांच्यामध्ये क्रँक दाबून धरलेली. प्रोमध्ये क्रँककेस स्वतःच मॅग्नेशियमची, उभी दोन फाकांत, आणि तीच मशीनचा कणा. हँडल, टाकी, सगळे तिला स्प्रिंगवर टांगलेले. डॉक्टरसाहेबांचा ३.५ तिथून येते.

माझ्या बाजूने पायशील तर फरक असा आहे. प्रोचा पिस्टन बदलायचा, तर कव्हर काढ, चार बोल्ट खोल, सिलेंडर वरच्या वर उचलून घे. चहा गरम असतानाच खोलून होते. सेमीत त्याच कामाला आख्खं इंजिन सांगाड्यातून बाहेर. अर्धा दिवस गेला. म्हणून लोकं सेमी दुरुस्त नाही करत, बदलतात. मजुरीच परवडत नाही.

पुढे, ऑइल पंप. प्रोत बहुतेक खाली स्क्रू असते, चेनला ऑइल किती जायचे ते कमी-जास्त होते. वाळलेली बाभूळ कापताना वाढव, ओला गुलमोहर कापताना कमी कर. सेमीत बरेचदा जे येते ते येते. आणि कृपा करून जळलेलं इंजिन ऑइल नका टाकू त्या टाकीत. अर्धं नागपूर टाकते. त्याच्यात लोखंडाचा कीस असते, पंप खाऊन टाकते.

पण हे सगळं ऐकून लगेच प्रो नको घेऊ. आधी सांग, आठवड्याला टाक्या किती जाळतो? नरखेडवाल्या काकाचे सहा वर्ष चालली कारण तो वर्षाला दहा-पंधरा टाक्या जाळत असेल. त्याने प्रो घेतली तर ते पैसे भिंतीला टांगून ठेवल्यासारखे. तू आठवड्याला तेवढ्या जाळत असशील तर सेमी तुला दोन हंगाम देईल.

संत्रावाला_नरखेड (१६ जानेवारी, सकाळी ७.४०)

मिस्त्री, दहा नाही, वीस असतील. पण बरोबर पकडलं. 😀

सोनेगावची_रेखा (१६ जानेवारी, सकाळी १०.१०)

मी सोसायटीची सचिव आहे, मशीनमधलं काही कळत नाही, पण तुम्ही सोसायट्यांची कामं घेता म्हणून लिहिते. गेल्या वर्षी आमच्याकडे एकाने कडुनिंब "हलका" करून दिला. परवानगी होती का विचारलं तर म्हणे छाटणीला लागत नाही. मग महापालिकेचा माणूस दारात. १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा शहरात लागू आहे, अर्ज उद्यान विभागात करावा लागतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या वरची झाडं वारसा वृक्ष धरतात. आमचा निंब आजे सासऱ्यांच्या काळातला. नोटीस कापणाऱ्याला नाही, आम्हाला आली. तेव्हा मशीन कोणतीही घ्या, आधी कागद मागत जा.

निवृत्त_वनपाल (१६ जानेवारी, दुपारी ४.००)

ताईंचं बरोबर. आणि गावाकडे मोकळीक आहे असंही नाही. १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, असे वृक्ष आहेत. संत्रा त्यात नाही, पण बागेच्या बांधावर आंबा नाहीतर चिंच असतेच, आणि मालक म्हणतो "मशीन आणलीच आहे तर तीही घेऊन टाका". तिथे थांबायचं.

पुणेकर_आरोही (१६ जानेवारी, रात्री ८.३०)

मी झाडावर चढून छाटणी करतो. सोसायट्यांचं काम म्हणजे निम्मं वरचंच असणार, तर त्याबद्दल कुणीच बोललं नाही. ५० सीसीची मागच्या हँडलची मशीन झाडावर नेऊ नका. वरच्या कामाला टॉप-हँडल वेगळी येते, ३५ सीसीच्या आसपास, साडेतीन-पावणेचार किलोची. पण ती इतकी आटोपशीर असते की माणूस एका हाताने चालवायला लागतो आणि दुसऱ्या हाताने फांदी धरतो. अपघात तिथेच होतो. कापताना दोन दोर, त्यातला एक तारेचा गाभा असलेला. दोन्ही हात मशीनवर. हे जमत नसेल तर वर हातकरवत न्या, लाज नाही त्यात. सहा इंचांपर्यंतची ओली फांदी चांगल्या जपानी पद्धतीच्या ओढकरवतीने मिनिटभरात जाते.

लकडगंज_मिस्त्री (१६ जानेवारी, रात्री ९.००)

पुण्याचे असून मुद्द्याचं बोलले.

पुणेकर_आरोही (१६ जानेवारी, रात्री ९.०४)

दुपारी एक ते चार नव्हतं ना, म्हणून.

निवृत्त_वनपाल (१७ जानेवारी, सकाळी ६.१५)

चेनबद्दल कुणी लिहीना, म्हणून पुन्हा आलो. माझं मत विचाराल तर बोथट चेनवाल्या प्रोपेक्षा धारदार चेनवाली सेमी कधीही पुढे. हे मी पैजेवर दाखवलेलं आहे.

खाली काय पडतं ते पाहायचं. पिठासारखा भुसा पडला तर मशीन कापत नाही, घासतेय. पातळ पोह्यांसारखे छिलके उडाले तर ठीक. मशीन स्वतःहून लाकडात उतरली पाहिजे. तुम्हाला दाबावं लागलं की समजा कानस काढायची वेळ झाली. कानस चेनच्या मापाची. लहान मशीनच्या तीन-अष्टमांश लो-प्रोफाइल चेनला ४ मिलीमीटर, पॉइंट ३२५ च्या चेनला ४.८ (चेनचे हे आकडे म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात). नागपुरात लोक एकच कानस सगळ्या चेनला फिरवतात आणि मग म्हणतात धार टिकत नाही. दाताच्या पुढचा जो ठोकळा असतो, खोली ठरवणारा, तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. पाच-सहा वेळा धार लावल्यावर तोही घासावा लागतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं. दात झिजून खाली येतो, ठोकळा तिथेच, मग धार असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते.

तुमच्या कामाला पूर्ण चौकोनी कोपऱ्याचा दात घेऊ नका, गोलसर कोपऱ्याचा घ्या. चौकोनी दात स्वच्छ ओल्या लाकडात पळतो, पण कोपरा गेला की संपला. आणि तुमचं लाकूड स्वच्छ कुठलं? संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्टचा चुना-मोरचुदाचा थर. रस्त्याकडेच्या झाडाला गेरू-चुना, त्यात जाहिरातींचे खिळे, आणि झाडाने गिळलेली ट्री-गार्डची सळई. कापायच्या जागी आधी कोयत्याने साल सोलून घ्यायची सवय लावा, दोन मिनिटं जातात.

जाता जाता, हा दात कुणी शोधला माहीत आहे? अमेरिकेतला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या. १९४६ मध्ये त्याने एका खुंटात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आडव्या-उभ्या धाग्यांतून सारख्याच सहजतेने, डावीकडे-उजवीकडे जबडा चालवत जात होती. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या दातांची चेन बनवली. म्हणजे ज्या जातीच्या किड्यांनी आमच्या डेपोतल्या लाकडाला भोकं पाडली, त्यांच्याच कृपेने आपण झाड कापतो.

हिंगणा_मेकॅनिकल (१७ जानेवारी, सकाळी ११.२०)

वनपाल साहेब, क्या बात है.

ट्यूनिंगचा प्रश्न सुटावा म्हणून एक पर्याय सुचवतो. प्रो मशिनींत आता इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर येतो. स्टिल त्याला एम-ट्रॉनिक म्हणते, हुस्क्वार्ना ऑटोट्यून. तापमान, उंची, इंधन, फिल्टर किती चोंदलाय, याप्रमाणे मशीन स्वतः मिश्रण बदलते. मे-डिसेंबरची भानगडच नाही.

लकडगंज_मिस्त्री (१७ जानेवारी, दुपारी ३.१०)

चांगली आहे, नाही नाही म्हणत. पण काटोलच्या बागेत बिघडली तर स्क्रूच नाही फिरवायला. कंपनीचे निदानाचे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच नेणे आहे. दोन पोरांची मजुरी चालू आहे तिकडे. मी तर साध्या कार्बोरेटरची प्रो घे म्हणेन, आणि वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि नोव्हेंबरात, टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजायचे यंत्र) लावून घे. हे माझं पोट आहे म्हणून नाही सांगून राहिलो. बरं, थोडं पोट आहे म्हणूनही.

टाक्या मोजल्या का?

काटोल_रोडवाला (१९ जानेवारी, रात्री १०.५०)

मोजल्या. आणि मोजताना जे निघालं ते इथे लिहायला लाज वाटतेय.

हिशेबाची वही बायको ठेवते. मशीनचं पेट्रोल वेगळ्या पानावर असतं, कारण गाड्यांचं वेगळं. मार्च ते डिसेंबर, दहा महिने, मशीनमध्ये गेलेलं पेट्रोल ११८ लिटर. पाव लिटरची टाकी म्हणजे ४७० टाक्या. आठवड्याला अकरा. घरगुती मशीनवर.

इथपर्यंत ठीक. मग बायकोनेच विचारलं, ऑइलचे डबे किती आणले? लिटरचे दोन. दुसरा अर्धा शिल्लक आहे, मी स्वतः हलवून पाहिला. म्हणजे ११८ लिटरला दीड लिटर ऑइल. ती मोबाइलवर भागाकार करून म्हणाली, "हे तर ७९ ला १ येतंय." लागायला हवं होतं दोन लिटर तीनशे साठ मिली.

सकाळी पोराला विचारलं, कसं टाकतोस? तो म्हणाला, "दादा, लिटरला एक झाकण." झाकण मोजलं. तेरा मिली, काठोकाठ भरलं तर.

त्याचा दोष नाही. "लिटरला वीस मिली" मी सांगितलं, पण मोजायला काही दिलंच नाही.

डॉक्टरांकडेही नेलं त्याला. सुरुवात आहे म्हणाले, दोन महिने मशीन बंद, फक्त दोर आणि खालचं काम.

लकडगंज_मिस्त्री (१९ जानेवारी, रात्री ११.३०)

लाज कशाची. ७९ ला १, त्यात मेचं ट्यूनिंग, त्यात डिसेंबर. एवढ्यावर तिने दहा महिने काढले, तिचा फोटो लाव घरात.

आठवड्याला अकरा टाक्या, त्याही पुढे वाढतीलच. आता विचारायचे काही राहिले नाही, प्रो घे. पन्नास सीसी, पट्टी सोळा इंच. अठरा नको. चिंचेचे मोठे खोड आले तर दोन्हीकडून कापशील. सत्तर सीसीची मोठी मशीन लागली तर आमच्या लकडगंजात भाड्याने मिळते, चालवणाऱ्यासकट. रोज सहा किलो कशाला वाहून राहिला.

आणि ती जुनी फेकू नको, आणून दे. सिलेंडर ॲसिडने साफ होते का पाहतो. पिस्टनचा ॲल्युमिनियम नुसता चिकटला असेल, खालचा मुलामा शाबूत असेल, तर पिस्टन-रिंग टाकून चालेल. बारीक फांद्यांना ठेव.

ऑर्थो_धंतोली (२० जानेवारी, सकाळी ८.००)

पोराला वेळेवर आणलंत. नवीन मशीनसोबत पायांची संरक्षक पँट घ्या, चेनचे धागे अडकून थांबणारी. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते, आणि त्या पँटचा वर्ग १ वीस मीटरचाच असतो. मेमध्ये ती घालवत नाही हे मान्य. मग काम पहाटे साडेपाचला सुरू करा आणि दहाला बंद. आणि उन्हाळ्यात तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याची टोकं शर्टात खोचा. मोकळं टोक चेनने ओढलेला एक पेशंट मी पाहिलाय. अधिक लिहीत नाही.

काटोल_रोडवाला (११ फेब्रुवारी, रात्री ९.१५)

धागा वर काढतो. मशीन घेतली. ५० सीसीची प्रो, साधा कार्बोरेटर, सोळा इंची पट्टी, गोलसर दाताच्या तीन चेन. पँट एकच परवडली, जो कापेल तो घालेल. टॉप-हँडल नाही घेतली, वरच्या कामाला दोन ओढकरवती आणल्या.

मिस्त्रींनी जुनीही उठवून दिली. सिलेंडर वाचला.

नवीनचे चौदा दिवस झाले. कळमेश्वरजवळ एक बाग काढली, तीन एकर, सहा बाय सहा मीटरवरची, म्हणजे सव्वातीनशेच्या वर झाडं. लहान पोरगा कापत होता. संध्याकाळी म्हणाला, "दादा, हात आपलेच वाटतात." बांधावर दोन आंबे होते. मालक म्हणाला तेही घ्या. वनपाल काका, तुमचंच वाक्य आठवलं, नाही घेतले. मालक जरा रुसला.

ऑइलसाठी मेडिकलमधून वीस मिलीची सुईशिवायची सिरिंज आणली आणि सुतळीने कॅनच्या कानाला बांधली. मोठा पोरगा बसल्या बसल्या तेच काम करतो आता. प्रत्येक लिटरला सिरिंज वर धरून, डोळा बारीक करून, बुडबुडा काढून मगच ओततो. धाकटा त्याला कंपाउंडर म्हणतो.

लकडगंज_मिस्त्री (११ फेब्रुवारी, रात्री १०.००)

मिसळलेलं पेट्रोल महिनाभर पडू देऊ नको. ई२० पाणी धरते, पावसाळ्यात तर लवकर. पंधरा दिवसांत संपेल एवढंच बनव.

मेच्या पहिल्या आठवड्यात आण, टॅकोमीटर लावू. सकाळी आण पण, दुपारी माझंच ट्यूनिंग बिघडलेलं असते.